ब्लॉगला मार्क लावले की मजा जाते
अभ्यासाचा भाग म्हणून पोरांना ब्लॉग लिहायला लावावा का, या चर्चेत एकांनी लिहिलंय की तसं केलं तर नुसतं कॉपी पेस्ट होणार. होतं ना, पण ते कधी होतं बघा, जेव्हा दर आठवड्याला ३०० शब्द टाका आणि ५ मार्क घ्या असा हिशेब असतो तेव्हाच. मग शेवटच्या रात्री सगळ्या पोस्ट एकदम पडतात आणि खाली 'छान लिहिलंस' अशा कॉमेंट, त्याही मार्कांसाठीच!

याउलट गणितज्ञ टेरेन्स टाओ २००७ पासून ब्लॉग लिहितोय, आपल्या कोर्सच्या नोट्सही त्यावर टाकतो, वाचणारे खाली चुका दाखवतात, तो दुरुस्त करतो, आणि त्यातल्या कितीतरी नोट्सची पुढे पुस्तकं झालीयेत. २००९ मध्ये टिमथी गॉवर्स या गणितज्ञाने तर एका आधीच सिद्ध झालेल्या प्रमेयाची नवी, वेगळ्या पद्धतीची सिद्धता शोधायचं कामच ब्लॉगवर मांडलं, लोकांनी कॉमेंटमध्ये अर्धवट, चुकीच्या कल्पनासुद्धा बिनधास्त लिहिल्या आणि काही आठवड्यांत उत्तर हाती आलं (पॉलिमॅथ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सगळ्यांनी मिळून गणित सोडवायच्या प्रकल्पांतला हा पहिला). विद्यार्थ्याला हे बघायला मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण पाठ्यपुस्तकात फक्त शेवटची घासूनपुसून ठेवलेली सिद्धता असते, मधली धडपड कुठेच दिसत नाही.

बाकी पोरांचं लिखाण नावासकट सगळ्यांसमोर येतं, हा प्रायव्हसीचा मुद्दा एकदम मान्य, टोपणनावाने लिहायची किंवा पोस्ट फक्त वर्गापुरती ठेवायची सोय हवीच. आणि शिक्षकाने स्वतः आधी लिहावं, कच्चंपक्कं का असेना, मग पोरांकडे मागावं.