मदत हवी आहे: १९९६ च्या पद्मिनीला डिझायरच्या मापाचे टायर चालतील का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

घरी बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९९६ ची, एमएच-३१. वर्षाला फार तर हजार किलोमीटर चालते. रविवारी फुटाळ्यापर्यंत, कधी रामटेक. पुढच्या महिन्यात पुन्हा पासिंग आहे म्हणून परवा जॅक लावून चारही चाकं नीट पाहिली आणि पोटात गोळाच आला.

नक्षी चांगली आहे. खोली मोजली तर ४ मिमी भरली, कायद्याला १.६ पुरते. पण टायरची बाजू अंगठ्याने दाबली की भेगा उघडतात, अगदी मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या. मागच्या डाव्या टायरच्या एका भेगेत तर आतले धागे दिसले. वरचा चार आकडी कोड २२११, म्हणजे २०११ चा बाविसावा आठवडा. अंगणात उभ्याउभ्या इतके उन्हाळे खाल्ले त्यांनी.

मूळ माप ५.२०-१४, नायलॉन, म्हणजे तिरप्या धाग्यांचे जुन्या पद्धतीचे टायर. तीन दुकानं फिरलो. पहिल्याने हसूनच घालवलं. दुसरा १८५/६५ आर १४ काढून म्हणाला, "घ्या नं भाऊ, गाडी भरलेली दिसते." तिसऱ्याकडे नायलॉन होते, पण रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवरच नवं रबर चढवलेले. कुठल्या कंपनीचे ते कळेना, आयएसआयच्या शिक्क्याची जागाही घासून गुळगुळीत झालेली. हात जोडून परत आलो.

मग शेजारच्या डिझायरकडे लक्ष गेलं. तिला १६५/८० आर १४ आहेत, आणि ते माप कुठेही मिळतं. दोन्ही गाड्यांच्या टायरवर चुन्याची रेघ मारली आणि अंगणात एकेक फेरी ढकलून पाहिली. पद्मिनी १ मीटर ८६ सेंमी, डिझायर १ मीटर ८९. शेजारचे काका गॅलरीतून विचारत होते, काय करून राहिला रे?

तर विचारायचं असं की ३ सेंमीच्या फरकाने स्पीडोमीटर किती चुकेल? टायर पुढे मडगार्डला घासेल का? आणि नायलॉनच्या जागी रेडियल (हल्लीचे, मापात 'आर' असलेले) पाहून पासिंगला कोणी अडवेल का? माझ्या आरसीवर टायरच्या मापाचा उल्लेख नाही. बाबांचं एकच पालुपद आहे, "नायलॉनच पाहिजे, गाडी त्यावरच बनली."

– पद्मिनीवाला

खामल्याचा खटारा:

भाऊ, आधी ही गाडी बाहेर काढणं बंद करा. ४ मिमीच्या भरवशावर राहू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ वा नियम फक्त नक्षी पाहत नाही. धागे उघडे पडले किंवा टायरला फुगवटा आला की तो टायर बाद, खोली कितीही असो. रामटेक तर विसराच.

आता तुमची चुन्याची रेघ. प्रयोग झकास, पण झिजलेल्या टायरची फेरी मोजली तुम्ही. नव्या टायरच्या आणि तुमच्या नक्षीत ३-४ मिमीचा फरक धरा. तो दोन्ही बाजूंनी मिळून व्यासात ६ ते ८ मिमी होतो आणि फेरीत २ सेंमीच्या आसपास. म्हणजे नवा नायलॉन आणि डिझायरचा टायर जवळपास बरोबरीचे. स्पीडोमीटरची चिंता सोडा. तसाही पद्मिनीचा काटा खरं कधी बोलत होता?

१८५ मात्र अजिबात नको. जुन्या अरुंद रिमवर तो टायर बाजूने फुगून बसतो आणि स्टीअरिंग जड होतं. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत बर्डीवर पार्किंग करताना खांदे भरून येतील.

स्टेपनी:

माझी ॲम्बेसेडर गेल्या पासिंगला रेडियलवर गेली. साहेबांनी नक्षी पाहिली, बाजू पाहिल्या, डावी-उजवीकडे एकसारखे टायर आहेत का पाहिलं, बस. रेडियल काऊन, असं कोणी विचारलं नाही. टायरवर आयएसआय हवाच, आणि भाराचा आकडा बघून घ्या. १६५/८० आर १४ वर बहुधा ८५ असतो, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. पद्मिनी रिकामी नऊशेच्या आसपास. पाच माणसं आणि डिकीत संत्र्याची पेटी टाकली तरी निवांत.

खरा घोळ रिमचा आहे. आताच्या रिमला आत एक उंचवटा असतो, तो ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवतो. आपल्या जुन्या रिमला तो नसतो. म्हणून टायर ट्यूबलेस घेतला तरी आत ट्यूब टाका, आणि ती रेडियलचीच मागा. टायरच्या आत चिकटवलेले कागदी स्टिकर आधी खरवडून काढा. ते राहिले तर ट्यूबला घासत राहतात, महिन्या-दोन महिन्यांत पंक्चर. मी दोन ट्यूबा गमावून शिकलो.

आणि चारही एकदमच बदला. एकाच एक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल असं कधीही नको. पैशाची अडचण असेल तर दोन रेडियल मागे टाका, पुढे नाही. स्टेपनी नायलॉनची राहिली तर दुकानापर्यंत हळू नेण्यापुरतीच.

पद्मिनीवाला:

दोघांचेही आभार. झिजलेल्या टायरचं डोक्यातच आलं नाही, आणि मी शेजारच्या काकांना छाती फुगवून टक्केवारी सांगून आलो होतो. आता परत जाऊन कबूल करावं लागेल.

बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. धाग्यांचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, पण हवा मी भरीन." पंपावरच्या पोरावर त्यांचा भरवसा नाही. रेडियल खाली जरा पसरलेला दिसतो, तो पाहून पोरगा ३५ पर्यंत ठासेल, ही त्यांची भीती. सकाळी टायर थंड असताना २८ ने सुरुवात करायची, असं दोघांत ठरलंय.

चार घ्यायच्या आधी काकांच्या डिझायरचा एक टायर आपल्या रिमवर चढवून पाहीन. मागे तिघांना बसवून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवतो, मडगार्डचा निकाल तिथेच लागेल. काका तयार आहेत, अट एवढीच की टायर संध्याकाळपर्यंत परत पाहिजे.

आता एकच अडकलंय. मशीनवर चढवताना जुन्या रिमची कड वाकते म्हणतात. धरमपेठ-सदरच्या बाजूला कोणी हाताने, लोखंडी पट्ट्यांनी टायर चढवणारा पंक्चरवाला माहीत आहे का?