मदत हवी आहे : ‘बोनहोफर’ आडनावाचा माग

नमस्कार मंडळी. हिटलरविरोधी कटातल्या सहभागामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी गेलेले धर्मगुरू डीट्रिश बोनहोफर बहुतेकांना माहीत असतील. त्यांचं आडनाव जर्मनीतही विरळाच, आणि त्याचा प्रवास मला मुळापासून समजून घ्यायचा आहे.

घराणं मूळचं नेदरलँड्समधल्या नाइमेखनचं. १५१३ मध्ये ते जर्मनीतल्या श्वेबिश हाल या गावी आलं, सोनारकी करू लागलं. पुढे त्यातून पाद्री, डॉक्टर, नगरसेवक झाले. तिथल्या सेंट मिखाएल चर्चमध्ये त्यांचे स्मृतिफलक आजही आहेत.

अडचण १५१३ च्या मागे जाताना येते. चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या साधारण सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतरच्या, आणि सरकारी नोंदणी देशभर सुरू झाली ती थेट १८७६ मध्ये. मग त्याआधीच्या काळासाठी श्वेबिश हालच्या नगर-अभिलेखागारातल्या करवसुलीच्या याद्या कुणी पाहिल्या आहेत का? नाइमेखनकडची कागदपत्रं कुठे मागावीत?

दुसरं, आज हे आडनाव कुठे-कुठे आहे? आडनावांचे नकाशे लँडलाइन फोनच्या यादीवरून बनतात. नुसता मोबाइल वापरणारी घरं त्यात येतच नाहीत. म्युलरसारख्या सर्रास आढळणाऱ्या आडनावाला त्याने फरक पडत नाही, पण इथे चार घरं गळली तरी अख्खा जिल्हा कोरा दिसतो. शिवाय आडनावातल्या ‘oe’ऐवजी ‘ओ’वर दोन टिंबं (ö) देऊन लिहिणारे वेगळेच मोजले जातात. दोन्ही रूपं एकत्र धरणारा नकाशा माहीत असेल तर जरूर सांगा. जर्मनीत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.