तो शुक्राचा आवाज नाहीये हो!

तारकरी: काल इथे क्लिप टाकली कुणीतरी, "नासाने रेकॉर्ड केलेला शुक्राचा आवाज, हेडफोन लावून ऐका". खाली लोक म्हणतायत ओम ऐकू आला. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ११ जुलै २०२० ला नासाचं पार्कर सोलर प्रोब यान शुक्रापासून ८३३ किमीवरून गेलं, सातच मिनिटं त्याला आयनांबरातल्या (वरच्या हवेतल्या विद्युतभारित कणांच्या थरातल्या) प्लाझ्मा लहरींचा रेडिओ सिग्नल मिळाला, तो कानाला ऐकू येईल असा बदलून दिलाय. खरी बातमी त्या फ्रिक्वेन्सीत आहे. तिच्यावरून इलेक्ट्रॉन किती दाट ते थेट निघतं, घन सेंमीला १ असेल तर साधारण ९ किलोहर्ट्झ, १०० असतील तर ९०. आणि त्यातून कळलं की सूर्य शांत असताना शुक्राचं आयनांबर १९९२ च्या मानाने फार विरळ होतं, पायोनियर व्हीनस यानाने मोजलं तेव्हा सूर्य जोरात होता. हे कुणी शेअर करत नाही!

शाळामास्तर: ओमचं मीही खोडून काढतो. पण हीच क्लिप मी आठवीच्या वर्गात लावली, एका मुलीने विचारलं सर तिथे माईक कोणी ठेवला? पुढचा पूर्ण तास त्यावर गेला. तुमचा ९ किलोहर्ट्झचा आकडा फळ्यावर लिहून तो तास मिळाला नसता.

खरखर: मूळ भांडण विजेचं आहे ते दोघांनी सोडलंच. पायोनियरला १०० हर्ट्झच्या आसपास व्हिसलर (शिट्टीसारख्या रेडिओ लहरी, पृथ्वीवर त्या विजेमुळे उठतात) सापडले आणि चाळीस वर्षं सांगितलं गेलं की शुक्रावर विजा पडतात. पार्करने फेब्रुवारी २०२१ मध्ये तसेच व्हिसलर पकडले, २०२३ ला त्यावर संशोधनाचा पेपर आला, लहरी वर येत नव्हत्या, ग्रहाकडे खाली जात होत्या. ढगातली वीज असती तर उलट दिसलं असतं. विषय संपला.

तारकरी: एका फेरीवर विषय संपला?? पायोनियर चौदा वर्षं फिरत होतं.

खरखर: आणि शनीकडे निघालेलं कॅसिनी यान १९९८, १९९९ ला दोनदा कान लावून गेलं, विजेचा कडकडाट मिळाला नाही. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, सौरवाऱ्याचं क्षेत्र त्याच्याभोवती गुंडाळलेलं असतं, ते तुटून परत जोडताना लहरी उठत असाव्यात असा पेपर लिहिणाऱ्यांचा अंदाज आहे. पेपर वाचा आधी.

वैशाखी: मला एवढंच म्हणायचंय की आयनोस्फिअर म्हणा ना, आयनांबर कोण बोलतं?

खरखर: आमच्या घरी बोलायचे ताई. वडील रात्री अंगणात ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे, शॉर्टवेव्हवर सिलोन लागलं की म्हणायचे आज आयनांबर छान आहे. दिवसा मीडियम वेव्हवर लांबचं स्टेशन का लागत नाही तेही त्यांनीच सांगितलं, खालचा थर सिग्नल खातो आणि सूर्य मावळला की तो थर विरतो. कॉलेजात गेले नव्हते, पण सूर्याचे डाग वाढले की स्टेशनं लांबून येतात हे डायरीत लिहून ठेवायचे.

शाळामास्तर: आमच्याकडे काका अँटेनाची तार आंब्याला बांधायचे. फोटो असेल तर टाका त्या डायरीचा.

वैशाखी: बरं, आयनांबर. पण दहावीच्या मुलांना इंग्रजी शब्दही येऊ देत, माझ्या मुलाला प्रवेश परीक्षेत हाच नडला.

तारकरी: विषय शुक्राचा आहे! आंबा, तार, प्रवेश परीक्षा, काय चाललंय?

खरखर: दादा, तुम्ही विरळ-दाट म्हणालात ते आणि वडिलांच्या डायरीतलं एकच आहे. अकरा वर्षांचं सूर्याचं चक्र, तिकडे शुक्र, इकडे सिलोन. चिडू नका.

तारकरी: ...हे मान्य. चिडलो ते चुकलं. विजेचं मात्र अजून मान्य नाही. इस्रोचं शुक्रयान सप्टेंबर २०२४ ला मंजूर झालंय, १२३६ कोटी, मार्च २०२८ ला निघायचंय. ते पोचून मोजेल तोवर मी "संपला" ऐकून घेणार नाही.

शाळामास्तर: तोवर मी क्लिप लावणार. आता आधी सांगीन, हा आवाज बनवलेला आहे.