जुनी चार सिलिंडरची पिकअप घ्यावी का?

रंधा

नमस्कार मंडळी. मी लाकडी कपाटं, टेबलं, पुस्तकांच्या मांडण्या करतो. एकट्याचं काम आहे. आतापर्यंत माल आणायला आणि पोचवायला दर वेळी गाडी भाड्याने घेत आलो, पण आता स्वतःची असावी असं फार वाटतंय.

नजरेत एक आहे. २००३ ची टोयोटा टॅकोमा, २.७ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना, छोटी केबिन. दोन लाख साठ हजार किलोमीटर झालेत. मालक बागकामाची कंत्राटं घ्यायचे, आता काम बंद करताहेत. बोलायला सरळ माणूस वाटला. सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवल्यात.

माझा माल म्हणजे १८ मिलिमीटर प्लायचे ८ बाय ४ चे तक्ते, एका वेळी आठ-दहा. कधी भरीव लाकडाच्या फळ्या, कधी तयार कपाट. ट्रेलर ओढायचा नाही. पण वर्कशॉपकडे येताना एक लांब, खडा चढ आहे, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, 'व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचीच घे, चार सिलिंडर भरल्या गाडीला चढावर दम धरत नाही.'

खरंच असं आहे का? आणि इतकं चाललेल्या इंजिनात पुढे किती जीव उरतो? शनिवारी गाडी बघायला जाणार आहे, काय काय तपासू ते सांगा.

जुना पाना

रंधा, तुम्ही इंजिनाचं विचारलंत, पण मी फ्रेमपासून सुरू करणार. आयुष्यभर गाड्यांच्या खाली झोपून काम केलंय, आणि या पिढीच्या टॅकोमा मी इंजिन गेलं म्हणून भंगारात जाताना क्वचितच पाहिल्या. त्या जातात ते फ्रेम गंजली म्हणून. १९९५ ते २००० च्या गाड्यांसाठी टोयोटाने २००८ मध्ये फ्रेमच्या गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली होती, पुढे २००४ पर्यंतच्या गाड्याही त्यात आल्या. म्हणजे तुमची २००३ त्याच घराण्यातली. त्या काळात फ्रेम बदलली असेल तर कागद असेल. मालकांना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

जाताना टॉर्च, छोटा हातोडा आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर न्या. मागचे पाटे (स्प्रिंगा) फ्रेमला जिथे टांगलेत तो भाग, स्टेपनीच्या वरचा भाग आणि केबिनच्या मागे फ्रेम वाकते ती जागा, इथे हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बंद पेटीसारख्या भागात चिखल आणि मीठ साचतं, त्यामुळे तो आतून बाहेर सडत येतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. खाली नुकताच काळा लेप मारलेला दिसला तर तिथे जरा जास्त वेळ काढा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्यात घुसलं तर हात झटका, नमस्कार करा आणि निघा. त्या गाडीचं इंजिन नवंकोरं असलं तरी घ्यायची नाही.

फ्रेम बरी निघाली तर मग इंजिन. तुमचं आहे ते ३आरझेड-एफई, २६९३ सीसी. मला हे इंजिन मनापासून आवडतं. टायमिंगला साखळी आहे, पट्टा नाही. ज्या ३.४ लिटरच्या व्ही-सिक्सचा लोक आग्रह धरताहेत त्याला पट्टा आहे आणि तो ठरावीक अंतराला बदलावाच लागतो. शिवाय चार सिलिंडरला हेड (व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) एक, प्लग चार, आणि बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा. तुम्ही अवजारं हाताळणारे आहात, बरीचशी देखभाल घरी कराल.

साखळीलाही वय असतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बघा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकांना विनंती करा आणि थांबा, थंड होऊ द्या. सुरू होताना क्षणभर खडखड होऊन ऑइल चढताच शांत झालं तर चालतं. खडखड टिकली तर साखळीचा ताण धरणारा टेन्शनर किंवा गाइड संपत आलेत. धूरही तेव्हाच बघा. सुरू करताना निळा झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील, गाडी जोरात ओढताना निळा येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट जळतंय.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी, करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते महत्त्वाचं. चारातला एक सिलिंडर लंगडा म्हणजे पाव इंजिन लंगडं. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातली फट वापराने कमी होत जाते, वाढत नाही. त्यामुळे आवाज काहीच येत नाही आणि लोक ती मोजायचं विसरतात. व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला की जळतो. पावत्यांत 'व्हॉल्व्ह क्लिअरन्स' कुठे दिसतंय का ते शोधा.

आणखी एक. १९९६ नंतरच्या गाडीला स्कॅनर लावता येतो. चेक इंजिनचा दिवा बंद आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस', म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

चढउतार

मी बरीच वर्षं चार सिलिंडरचीच पिकअप भरून डोंगराळ रस्त्याने चालवतो. तुमच्या इंजिनाची ताकद १५० हॉर्सपॉवर, टॉर्क साधारण २४० न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. व्ही-सिक्सची १९० हॉर्सपॉवर आणि ३०० च्या जवळपास टॉर्क. फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण चार सिलिंडर दम धरत नाही म्हणणारे बहुतेक जण चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बसलेले असतात. चढ लागायच्या आधीच तिसरा टाका, इंजिन ३५०० ते ४००० वर राहू द्या. आवाज वाढेल, पण इंजिन त्याच वेगाला काम करायला बनवलंय. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवण्यापेक्षा हे त्याला कितीतरी सोसतं.

वजनाचा हिशेब मात्र बसून करा. १८ मिलिमीटरचा तक्ता लाकडाप्रमाणे ३० ते ३५ किलोचा. दहा म्हणजे साडेतीनशेपर्यंत. त्यात तुम्ही, मदतनीस, अवजारं धरली की पाचशे पार. दाराच्या चौकटीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. रिकामी गाडी वजनकाट्यावर घालून त्यातून वजा करा, उरतो तो तुमचा माल. आणि त्या आकड्यात माणसंही धरायची, हे बरेच जण विसरतात.

हौद्यात चाकांच्या कमानींमधलं अंतर चार फुटांपेक्षा कमी आहे. तक्ता तळावर सपाट बसणार नाही. कमानींच्या उंचीची लाकडी चौकट करून त्यावर तक्ते ठेवावे लागतील. तुम्हाला ते काम तासाभराचं.

क्लच बघायला सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय.

मीनल

थोडं वेगळं मत. रंधा, तुम्ही तयार कपाटंही नेता म्हणालात. पॉलिश केलेल्या लाकडाला पाऊस आणि धूळ लागली तर तुमची मेहनत वाया. बंद व्हॅनमध्ये तक्तेही आडवे बसतात, मालही कोरडा, रात्री अवजारं आत ठेवून कुलूप लावता येतं. पिकअप दिसायला छान आहे म्हणून घेत नाही ना, हे एकदा स्वतःला विचारा.

आणि गाडीवर कर्ज बाकी नाही ना, फ्रेमवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो ना, हे इंजिन बघण्याआधी.

रंधा

मीनलताई, व्हॅनचा विचार केला होता. पण फळ्या दहा-बारा फुटांच्या असतात आणि भुसा, तुकडे, जुनं लाकूड हेही उघड्या हौद्यातच सोपं पडतं. कपाटांसाठी ताडपत्री आणि घोंगड्या.

जाऊन आलो. फ्रेम सगळीकडे ठोकली, खणखणीत आहे. वरवर तांबूस गंज, पण टोक कुठेही घुसलं नाही. नंबर जुळला, कर्ज नाही. थंड सुरू केली, क्षणभर खडखड आणि शांत. धूर नाही. क्लच पकडतो. मागचे पाटे मात्र सपाट झालेत. बागेची माती वाहून वाहून असेल.

मग मेकॅनिककडे नेली. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरचं १७० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्याचं १४५. पावत्यांत क्लिअरन्सचा कुठेच उल्लेख नाही.

जुना पाना

तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा, आणि मग मी म्हणेन सोडून द्या. नाही हलला तर व्हॉल्व्ह. तसं असेल तर कव्हर काढून फट मोजायची. व्हॉल्व्ह अजून जळला नसेल, नुसती फट संपली असेल, तर व्हॉल्व्हवरच्या टोपीवरची, म्हणजे बकेटवरची, शिम (फट जुळवणारी चकती) बदलून काम होतं. जळला असेल तर हेड उतरवावं लागेल. फ्रेम चांगली आहे म्हणून तेही करण्यासारखं आहे, पण तो खर्च लेखी घेऊन किमतीतून पूर्ण वजा व्हायला हवा. मालक मोजायला नाही म्हणाले तर हेड गेलंय असं धरूनच किंमत बोला.

रंधा

मालक स्वतः गाडी घेऊन आले, काही कुरकुर न करता. ऑइल घातल्यावर आकडा हलला नाही. कव्हर काढलं तर तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती, बाकीच्यांचीही कमी झालेली. शिमा बदलल्यावर तिसरा १६५ वर आला. मेकॅनिक म्हणाले, व्हॉल्व्ह वाचलाय, पण वर्षभराने पुन्हा मोजायचं.

शिमांचा खर्च मालकांनी दिला, पाट्यांचा किमतीतून कमी केला. गाडी घेतली. पाटे बदलेपर्यंत एका वेळी पाचच तक्ते आणणार आहे. चढउतार, त्या चौकटीचं माप टाका ना, कमानींवर टेकवलीत की तळावर पाय दिलेत?