वाइल देर श्टाट–काल्व: बंद मार्गावर २० कोटी युरो घालणं योग्य होतं का?

सांधेवाला
जर्मनीत श्टुटगार्टहून निघणारा हा रेल्वेमार्ग १८७२ मध्ये काल्वला पोचला. १९७८ पासून वाइल देर श्टाटपर्यंत एस ६ ही विजेची उपनगरी गाडी धावते. पुढचा डोंगरी तुकडा मात्र १९८३ मध्ये प्रवाशांसाठी आणि १९८८ मध्ये मालगाड्यांसाठी बंद झाला. तो पुन्हा सुरू करायचा अंदाज आधी ५ कोटी युरोंच्या आसपास होता, पुढे २० कोटींच्या वर गेला. एवढ्यात वर्षानुवर्षं बस चालल्या असत्या.

घाटवाट
बस रस्त्यावरच्या कोंडीत अडकणार, पुढे एस ६ चुकणार. १९९४ मध्ये काल्व जिल्ह्याने मार्ग विकत घेतला म्हणून जमीन तुकड्यांनी विकली गेली नाही. नाहीतर आज हा वादच नसता.

आणि खर्च का वाढला तेही बघा. गाड्या थांबल्यावर मार्गावरच्या फोर्स्ट आणि हिर्साउ बोगद्यांत दमट, गार, पण न गोठणारी हवा राहिली. वटवाघळं हिवाळा काढायला तिथे येऊ लागली. झोपमोड झाली की त्यांची साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. बोगदे दुहेरी मार्गाच्या रुंदीचे, म्हणून आत उभी भिंत घातली: एकीकडे गाडी, दुसरीकडे वटवाघळं. तिथे नुसत्या जाळीने भागत नाही. बोगद्यात शिरणारी गाडी हवा पुढे रेटते, तो झोत अडवायला बंदिस्त कप्पाच लागतो.

सांधेवाला
माझा आक्षेप त्या भिंतीवरच आहे! तिने दुसऱ्या रुळाची जागा कायमची खाल्ली. उद्या एस ६ थेट काल्वला न्यायची, दर १५ मिनिटांनी सोडायची म्हटली, तर एकेरी रुळावर एक गाडी लेट झाली की समोरची क्रॉसिंगला उभी. वटवाघळं वाचवायलाच हवीत, पण किंमत पुढच्या पिढीच्या वेळापत्रकातून वसूल झाली.

बॅटरीबाबा
दोघांनीही चढ विसरलात. काल्वपर्यंत विजेची तार नाही, म्हणून बॅटरीची गाडी; ती वाइल देर श्टाटच्या बाजूला, एस ६च्या तारेखाली चार्ज होते. काल्वकडे उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते, पण परतीला आल्टहेंगश्टेटपर्यंतची चढण बॅटरीवरच. थंडीत हीटरही तिच्यावरच. गाडी लेट झाली की तारेखालचा वेळ आधी कापला जातो. ओस्टेल्सहाइमजवळ नवा बोगदा काढून जुना वळसा टाळला, हे म्हणूनच मला या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. वाचलेली मिनिटं थेट चार्जिंगला जातात.

घाटवाट
हे मान्य. पण मग तारच काल्वपर्यंत ओढा, हा पुढचा वाद आहे. त्यासाठीही आधी रूळ जिवंत हवा.