प्रोलीग बंद पडली आणि स्टारक्राफ्टचा कणाच मोडला. पटतंय का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

ई-स्पोर्ट्सचा विषय निघाला की आपली गाडी बीजीएमआयच्या (पबजीचा भारतीय अवतार) पुढे सरकत नाही, म्हणून जरा जुनं उकरून काढतोय.

दक्षिण कोरियात २००३ ते २०१६ या काळात स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमची 'प्रोलीग' चालायची. खेळ मुळात एकास एक. खनिज गोळा करा, तळ वाढवा, फौज उभी करा, समोरच्याचा तळ उडवा. बुद्धिबळासारखी पाळी नाही, समोरचा तुमच्यासाठी थांबत नाही. या एकट्याच्या खेळाला त्यांनी संघाचा खेळ केला. एसके टेलिकॉम (एसकेटी), केटी, सॅमसंग, सीजे या कंपन्यांचे संघ, एकेक खेळाडू क्रमाने भिडणार, आणि बरोबरी झालीच तर शेवटी एक निर्णायक डाव, 'एस मॅच'.

खरी मजा या एस मॅचची. तिथे कोण उतरणार हे आधी जाहीर नसायचं. ली यंग-हो, म्हणजे 'फ्लॅश', केटीकडे असताना त्याचंच नाव येणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. समोरच्या संघालाही ते ठाऊक असायचं, तरी बहुतेक वेळा उपयोग शून्य. बाकीच्या डावांची यादी मात्र आधी लागायची. त्यामुळे एकच नकाशा, एकच प्रतिस्पर्धी आणि त्याच्यासाठी घोटलेली एकच चाल, एवढ्यावर आठवडाभर सराव. मग ज्याचं नाव कुणी ऐकलं नाही असा पोरगा येऊन नामवंताला दहा मिनिटांत घरी पाठवायचा. वैयक्तिक स्पर्धेत असं क्वचितच होतं, कारण तिथे चार-पाच डाव मिळतात आणि मोठा खेळाडू सावरतो.

१८ ऑक्टोबर २०१६ ला कोरियन ई-स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे 'केस्पा'ने, लीग बंद केली. सातपैकी पाच संघांनी स्टारक्राफ्टचा गाशा गुंडाळला. कारणं दिली ती अशी: संघ आणि खेळाडू कमी झाले, प्रायोजक मिळेनात, शिवाय मॅच फिक्सिंग. माझं म्हणणं, त्या दिवशी नवे खेळाडू घडवणारा कारखानाच बंद झाला. २०१७ चा विश्वविजेता रोग, २०१९ चा डार्क, आणि मारू, सगळे प्रोलीग खेळलेले. त्यानंतर कोरियातून वरच्या फळीत नवं कोण आलं, सांगा.

कोकणी झर्ग

वाचतोय. हवाई दलाचा संघ विसरलात का? कोरियात मुलांना लष्करी सेवा सक्तीची. लिम यो-ह्वान, म्हणजे 'बॉक्सर', ऐन भरात सैन्यात गेला आणि २००७ मध्ये हवाई दलाने 'एस' नावाचा स्वतःचा संघच लीगमध्ये उतरवला. २०१२ पर्यंत टिकला. बहुतेक वेळा तळाला असायचा, पण कुठल्या देशाच्या हवाई दलाने व्हिडिओ गेमचा संघ काढलाय?

तिरफळ

कणा मोडला म्हणता, पण तो कणा होता कुणाच्या पाठीचा, तेही सांगा की.

संघाचं घर म्हणजे पंधरा-वीस पोरं एका फ्लॅटमध्ये, रोज दहा-बारा तास सराव. पहिल्या फळीतल्या चौघा-पाचांना बरा पगार. बाकीची बी-टीम. त्यांचं काम म्हणजे मोठ्या खेळाडूला सराव देणं, त्याच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून दिवसभर हरणं. पगार नावापुरता, कित्येकांना तोही नाही. शाळा अर्धवट सोडलेली. तुम्हाला जो अनोळखी पोरगा नामवंताला घरी पाठवताना दिसला, त्याच्यामागे कधीच पडद्यावर न आलेले दहा जण होते. खुद्द फ्लॅशच्या उजव्या हाताची २०११ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, विशीही ओलांडली नव्हती त्याने.

फिक्सिंगही याच घरांतून निघालं. २०१० मध्ये मा जे-युनसह अकरा जणांवर कायमची बंदी आली. २०१५ मध्ये तर एका संघाचा प्रशिक्षकच पकडला गेला. कारखाना म्हणालात ते बरोबर आहे, फक्त कामगारांचं कुणी विचारलं नाही.

सोलापुरी चादर

तिरफळ, संघाच्या घरांबद्दलचं मान्य. फिक्सिंगबद्दलचं नाही. मा जे-युन म्हणजे 'सेव्हियर', त्याच्या काळातला अव्वल खेळाडू, बी-टीममधलं उपाशी पोर नव्हे. २०१६ मध्ये सापडलेला 'लाइफ' २०१४ चा विश्वविजेता होता. त्याला दीड वर्षांची स्थगित शिक्षा आणि ७ कोटी वॉन दंड झाला. पोटाला नाही म्हणून विकले गेले हा युक्तिवाद या दोघांना लागूच होत नाही. सट्टा लावणाऱ्याला एकाच माणसाला फोडावं लागतं, म्हणून एकास एक खेळ त्याला सोयीचा पडतो. अकरा जणांच्या फुटबॉल संघापेक्षा हे केव्हाही सोपं.

तिरफळ

बरं, या दोघांपुरतं मान्य. पण २०१० च्या यादीत सगळेच सेव्हियर नव्हते. आणि प्रशिक्षकाचं काय? त्यालाही एकास एक खेळाची सोय पडली का?

अनुजा

मला धाग्याचा मूळ दावाच पटत नाही. २०१८ मध्ये सर्राल जिंकला. फिनलंडचा मुलगा, कोरियन संघाच्या घरात तयार न झालेला. ब्लिझकॉन या मेळाव्यातल्या अंतिम फेरीत त्याने स्टॅट्सला ४-२ ने हरवलं, आणि हा स्टॅट्स वर्षानुवर्षं केटीकडून प्रोलीग खेळलेला. कोरियाबाहेरचा पहिला विश्वविजेता. पुढे २०२१ मध्ये कातोवित्सेच्या (पोलंड) स्पर्धेत इटलीचा रेनर जिंकला, २०२३ मध्ये त्याच स्पर्धेत चीनच्या ऑलिव्हेराने मारूला ४-१ ने लोळवलं. स्पर्धेआधी त्याच्यावर कुणी एक रुपया लावला नसता. म्हणजे दिवसाचे बारा तास आणि सहा जणांत एक खोली, हे जिंकण्यासाठी आवश्यक होतं असं दिसत नाही. लीग होती तेव्हा विजेते एकाच देशातून यायचे. ती गेल्यावर खेळ जगभर पसरला.

रात्रपाळी

अनुजाताई, पसरला की एका जागी आटला? कारखाना बंद झाल्यावर दोन वर्षांनी बाहेरचे जिंकायला लागले, हा निव्वळ योगायोग म्हणायचा?

अनुजा

म्हणजे सर्राल हरला असता तर लीग थोर, आणि जिंकला तर लीग नव्हती म्हणून जिंकला! तुमचा दावा चुकीचा ठरेल असा एखादा निकाल तरी सांगा. नाहीतर ही चर्चा नाही, आरती आहे.

रात्रपाळी

सांगतो. लीगनंतर खेळायला लागलेला एक कोरियन मुलगा पहिल्या दहांत आला, तर माझा दावा मागे.

बिनीचं प्यादं

सगळेच मुद्द्याला बगल देताय. लीग ना फिक्सिंगने मेली, ना बी-टीमच्या हालांनी. खेळ दुसऱ्याच्या मालकीचा होता, हे मूळ दुखणं.

क्रम बघा. २००७ मध्ये केस्पाने प्रोलीगचे प्रक्षेपण हक्क विकायला काढले. खेळ बनवणारी ब्लिझर्ड म्हणाली, आमचा खेळ, तुम्ही हक्क विकणारे कोण? २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा ब्लिझर्डने केस्पाला डावलून गॉमटीव्ही या इंटरनेट वाहिनीशी करार केला आणि प्रोलीग दाखवणाऱ्या दोन वाहिन्यांना कोर्टात खेचलं. समझोता झाला थेट मे २०११ मध्ये. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच वर्षी तीन संघ बंद झाले. त्यांतल्या काही खेळाडूंना वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून केस्पाने 'आठवा संघ' उभा केला. कोर्टात खेचलेली एमबीसीगेम वाहिनी २०१२ मध्ये संगीताची वाहिनी झाली. भाड्याच्या जागेवर माडी बांधली की घरमालकाची आठवण उशिरा येते, तसलं प्रकरण.

क्रिकेटशी तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या. क्रिकेटची बॅट कुणी कंपनी रातोरात बंद करू शकत नाही. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय ॲप स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ पर्यंत संघ, खेळाडू, स्पर्धा भरवणारे, सगळे टांगणीला. आपल्याकडे सरकार, कोरियात कंपनी, एवढाच फरक.

कोकणी झर्ग

बिनीच्या प्याद्याला अर्धं अनुमोदन. माझ्या मते घाव २०१२ चा. त्या मोसमात एकाच लढतीत काही डाव जुन्या खेळाचे आणि काही नव्याचे ठेवले होते. दहा वर्षं ब्रूड वॉर, म्हणजे जुना स्टारक्राफ्ट, घोटलेल्या खेळाडूंना दोन्ही सांभाळायला लावलं, आणि पुढच्या मोसमात जुना खेळ कायमचा काढून टाकला. प्रेक्षक जुन्या खेळाचे होते, ते काही नव्याकडे वळले नाहीत. पीसी-बांगमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या सायबर कॅफेंत, तोवर लीग ऑफ लेजंड्स घुसला होता. एसकेटी (आता नाव 'टी१'), केटी हे संघ त्यात आजही आहेत, फक्त खेळ दुसरा. म्हणजे कंपन्या पळाल्या नाहीत, दुकान बदललं त्यांनी.

आणि गंमत म्हणजे ब्रूड वॉर मेलाच नाही! खेळाडू अफ्रिकाटीव्ही (आता नाव 'सूप') या कोरियन साइटवर गेले. तिथे प्रेक्षक खेळताना बघतात आणि थेट पैसे पाठवतात. २०१६ पासून त्या साइटची स्वतःची वैयक्तिक स्पर्धा, 'स्टारलीग', सुरू आहे. संघांची लीग नाही, संघ नाही, प्रशिक्षक नाही. १९९८ चा खेळ.

सोलापुरी चादर

पण तिथेही तेच जुने चेहरे ना? फ्लॅश, जेडाँग वगैरे. पेन्शनरांचा कट्टा. इथे रात्रपाळींचा मुद्दाच सिद्ध होतोय.

काकडआरती

तुम्ही लोक ग्वांगाल्लीबद्दल बोललाच नाहीत अजून. जुलै २००४, बुसानचा समुद्रकिनारा, प्रोलीगची अंतिम लढत, हानबिट स्टार्स विरुद्ध एसकेटी. लाख माणूस जमला होता म्हणतात. बॉक्सरचा एसकेटी हरला, ते सोडा.

तिरफळ

वाळूत तिकीट नव्हतं. मोजलं कुणी? जुलैत जुहूला फेरी मारा, माझ्या धाग्यालाही लाख वाचक मिळतील.

काकडआरती

हलके घ्या. पन्नास हजार धरा! आपल्याकडच्या कुठल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेला तेवढे आले?

अनुजा

अवांतर: आपल्याकडे असला खेळ लीगपर्यंत जाणारच नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत लॅनवर एज ऑफ एम्पायर्स खेळून अख्ख्या बॅचेस बाहेर पडल्या, पण तो खेळ तिथेच राहिला. नंतरच्या पिढीला खेळ मिळाला तो फोनवर, आणि त्या पडद्यावर पन्नास सैनिक कोण निवडत बसणार? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली घेतलं, चांगलंच झालं. पण मान्यता मिळाली म्हणून माउस परत येत नाही.

तिरफळ

धागाकर्त्याला एकच प्रश्न. समजा उद्या पुण्यात असा संघ निघाला. तुमच्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला बी-टीममध्ये बोलावलं. पाठवाल?

रात्रपाळी

पगार लेखी असेल, बारावी होऊ देणार असतील आणि सोडून यायची मुभा असेल, तर पाठवेन.

तिरफळ

या तीन अटी घालून प्रोलीगचा एक मोसम तरी चालला असता का?

रात्रपाळी

चालला असता. एसकेटी आणि केटीला परवडणारं होतं ते, बाकीच्यांचं सांगता येत नाही. पण मग ऐन भरातली बारा संघांची लीग चार संघांची झाली असती, आणि तुम्ही इथे येऊन म्हणाला असतात की चार कंपन्यांची मक्तेदारी आहे.

तिरफळ

म्हणालो असतोच.