कन्सोल.लॉग लिहिणारे अडाणी?

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलंय, "टेस्टमध्ये कन्सोल.लॉग दिसला की मी पीआर, म्हणजे तपासायला आलेला कोड, न वाचता परत पाठवतो. डिबग लॉगर येत नसेल तर जावास्क्रिप्ट सोडा." रात्रभर डोक्यात तेच. बारा वर्षं मी कन्सोल.लॉगवरच पोट भरतोय. टेस्ट फेल झाली, व्हॅल्यू छापणारी एक ओळ टाकली, व्हॅल्यू बघितली, ओळ पुसली, विषय संपला. एवढ्यासाठी "डिबग"चं पॅकेज आणा, कुठल्या भागाचे लॉग हवेत त्याचं नेमस्पेस ठरवा, ते चालू करायला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा! माझं गिऱ्हाईक बेळगावच्या उद्यमबागेतलं, सगळीकडे विंडोज. ते व्हेरिएबल लावायची लिनक्सची ओळ कमांड प्रॉम्प्टला चालत नाही, पॉवरशेलला तिसरंच काहीतरी लागतं. आधी ते निस्तरू की बग शोधू?

खानापूरचा: ते मीच लिहिलंय. आणि अण्णा, "ओळ पुसली" हेच तर खोटं आहे. आमच्याकडं एक स्क्रिप्ट जेसन, म्हणजे ठरावीक साच्यातला डेटा, छापायची, पुढचा प्रोग्रॅम ते वाचायचा. कुणाची तरी "ओळ" तशीच राहिली, जेसनच्या डोक्यावर "हॅलो १" येऊन बसलं आणि शनिवारची रात्र गेली. डिबगचं सगळं एसटीडीएररला, म्हणजे वेगळ्या एरर-आउटपुटला, जातं, जेसनला धक्का लागत नाही. हवा तेवढाच भाग चालू करा, शिवाय दोन लॉगच्या ओळींमध्ये किती मिलिसेकंद गेले तेही दिसतं. पुसायची भानगडच नाही.

निपाणीकर: कन्सोल खोटंही बोलतं. क्रोममध्ये ऑब्जेक्ट लॉग करा आणि नंतर उघडा, उघडतानाची व्हॅल्यू दिसते. मी दोन दिवस चुकीच्या फंक्शनला शिव्या घातल्यात.

टिळकवाडीकर: डिबग ब्राउझरमध्ये शेवटी कन्सोललाच लिहितं की! ते बरं खरं बोलेल? आणि ८ सप्टेंबर २०२५ विसरलात काय? पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरचं खातं फिशिंगमध्ये गेलं आणि डिबगच्या ४.४.२ मध्ये क्रिप्टोचे पत्ते बदलणारा कोड आला. माझ्या कन्सोल.लॉगनं कुणाचं पाकीट मारलेलं नाही.

खानापूरचा: काही तासांत काढलं ते. तेवढीच भीती असेल तर नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मुळातच युटिल.डिबगलॉग आहे, पॅकेज नको. पण तुमचे लॉग आधी वाचण्यासारखे असू देत. एका प्रोजेक्टच्या कोडात मी "इथवर आलं बघ", "मेलं आता", "ह्यो कुठनं आला" असलं बघितलंय. बंगळूरच्या टीममधला पोरगा मला कन्नडमध्ये विचारतोय, "एनिदु?", म्हणजे हे काय?

शहापूर_कट्टा: म्हणजे दुकानांच्या पाट्या झाल्या, आता लॉगमधूनही मराठी काढायची?

खानापूरचा: मी कुठं तसं म्हटलं? इंग्रजीत लिहा, एवढंच.

शहापूर_कट्टा: तेच ते. घरात, कट्ट्यावर, शाळेत मराठी आणि चार अक्षरं लॉगमध्ये लिहिली तर लाज. माझ्या आजोबांनी १९५६ पासून...

निपाणीकर: झालं सुरू. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा आहे, तसं लॉगमध्येही ६० टक्के घाला, बंगळूरचा पोरगा खूश.

शहापूर_कट्टा: थट्टा सोपी आहे. तुमच्या पोरांना मराठी शाळा मिळते का ते बघा.

निपाणीकर: माझी पोरगी मराठी शाळेतच जाते. तुमची?

शहापूर_कट्टा: विषय तो नाही.

खानापूरचा: विषय लॉगर होता.

टिळकवाडीकर: मराठी लॉगचा एक फायदा सांगतो. "इथवर आलं बघ" हे कुठल्याही लायब्ररीच्या आउटपुटमध्ये सापडत नाही, सर्च मारला की माझंच सापडतं. "हिअर" शोधून दाखवा. बाकी जेसनवाली गोष्ट खरी, तसलं माझंही एकदा झालंय, पण मी ते इथं लिहिणार नव्हतो. डिबगलॉग लावून बघितला. चालतोय. विंडोजवर तीच बोंब.

खानापूरचा: मग पीआर पाठवा, वाचतो. "मेलं आता" तेवढं काढा.

टिळकवाडीकर: ते राहणार.